डबा हॉलमध्ये, पीसी दाराआड

मुलुंड पूर्वेला राहणाऱ्या नंदाकाकू पालवचा राग ओळखायला तिच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, कान दिले की पुरे. साधा राग असला की भांडी वाजतात. त्याच्या वरचा असला की भांडी अजिबात वाजत नाहीत आणि तिचे यजमान मधुकरकाका आपण होऊन गॅलरीत जाऊन उभे राहतात. आणि अगदी वरच्या पट्टीतला असला की काकू एकदम पुस्तकातलं बोलायला लागते. "सुबोध, आपण कृपा करून मिक्सर बंद कराल का?" असं ऐकू आलं की तिचा सख्खा मुलगा मिक्सरच काय, मेन स्विच बंद करतो.

पण ज्या रागाने ते घर महिनोन्‌महिने धुमसत राहिलं, त्याला पट्टीच नव्हती. तो राग एका चष्म्यावरून होता. डोक्याला बांधायचा, डोळे पार झाकून जातात आणि आत दुसरंच जग दिसायला लागतं, तो चष्मा. सुबोध त्याला व्हीआर हेडसेट म्हणतो. काकू चष्माच म्हणते, आणि तिला कुणी सुधारायला जात नाही.

काकू मूळची लालबागची, गिरणीकामगाराची मुलगी. विम्याच्या ऑफिसात क्लार्क म्हणून लागली आणि तिथल्या रिक्रिएशन रूममध्ये तिने पहिल्यांदा टेबल टेनिसची बॅट हातात धरली. जेवणाच्या सुट्टीत पदर खोचून खेळायची. उंची बेताची, पण सर्व्हिस करताना डावा पाय असा काही आपटायची की समोरचा बॉलकडे बघायचं सोडून जमिनीकडे बघायचा. ऑफिसा-ऑफिसांच्या स्पर्धेत तिने कप आणले. "ते कप कुठे आहेत माहितीये?" काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारते. "माळ्यावर. कारण शोकेसमध्ये ह्यांच्या भावाने काश्मीरहून आणलेली होडी आहे!"

रिटायर झाल्यावर रोज खेळायचं असं ठरवून ती पहिल्याच सोमवारी कॉलनीच्या क्लबहाउसात गेली, तर टेबलाच्या जागी दोन ट्रेडमिल. कमिटीचे भाऊराव हात जोडून उभे.

"वहिनी, टेबल भंगारात दिलं. वापर नव्हता ना. तुम्हां सिनियर लेडीजसाठी आपण योगा चालू करतोय."

"मला विचारलंत?"

"नोटीस लावलेली ना, वहिनी."

"कुठे?"

"इथेच. क्लबहाउसात."

"मी ऑफिसला जायचे तेव्हा तुम्ही क्लबहाउस उघडायचात, आणि मी यायच्या आधी बंद करायचात. कुणी वाचायची ती नोटीस, कबुतरांनी?"

त्या दिवशी घरी भांडी वाजली नाहीत.

मग काकू एकदा अंधेरीला जुन्या मैत्रिणीकडे गेली. मैत्रिणीची मुलगी गार्गी, तिच्याकडे कॉम्प्युटरला जोडलेला चष्मा होता. "मावशी, घालून बघा, गंमत." मावशीने घातला. समोर हिरवं टेबल, मधे जाळी, पलीकडून बॉल आला, टक. काकूचा हात आपोआप गेला, टक. पुन्हा, टक. पाच मिनिटांत गार्गीच्या आईने शोपीस उचलून बेडरूममध्ये नेले, दहा मिनिटांत पंखा वाढवला. काकूने डावा पाय आपटून सर्व्हिस केली आणि पॉइंट मिळवला. मग घामेजलेला तळवा पुसायला, जसा सगळे खेळाडू जाळीजवळ पुसतात तसा, तिने हात टेबलावर टेकवला. हात आरपार खाली गेला. गार्गीने धरलं म्हणून, नाहीतर मावशी फरशीवरच.

"लागलं का हो?"

काकूने चष्मा काढला. डोळे भरलेले, पण आवाज तापलेला. "नसलेलं टेबल एवढं छान, आणि असलेलं टेबल त्या मेल्यांनी भंगारात घातलं!"

घरी आल्या आल्या तिने जाहीर केलं, चष्मा घ्यायचा. सुबोध एकदम खूश. हा पोरगा आयटीतला, घरून काम करणारा. त्याच्या खोलीत ऑफिसचा लॅपटॉप वेगळा आणि गेमसाठी स्वतः पार्ट जमवून बांधलेला पीसी वेगळा. त्या पीसीच्या पोटात गणपतीच्या मखरासारखी लाइटिंग. त्याच्याआधी लॉकडाऊनमध्ये साहेबांनी गेमचा कन्सोल घेतला होता, पण जीव पीसीवर जडल्यावर तो कन्सोल हॉलमध्ये टीव्हीखाली टाकून दिला. काकू त्याला पांढरा डबा म्हणते आणि दुपारी त्यावर गाड्या पळवते.

"आई, झकास! पीसीसाठी घेऊ," सुबोध म्हणाला.

"डब्याचा नवा चष्मा येतोय म्हणे. गार्गीने सांगितलं."

"अगं, तो फक्त त्या डब्यालाच लागणार. उद्या कंपनीने त्याचे गेम काढायचे बंद केले की संपलं, शोपीस. पीसीवर कसं, हजार गेम. हेडसेट बदलला तरी गेम तेच. ग्राफिक्स तर तू विचारूच नको."

"मला हजार गेम नकोत. मला एक टेबल हवंय."

"ते पण पीसीवर आहे ना."

"खेळायचं कुठे?"

"माझ्या रूममध्ये."

"कधी?"

"मी फ्री असलो की तुला सांगेन ना!"

बस. इथे ठिणगी पडली. पोरगा प्रेमाने बोलला होता, त्यात वाद नाही. पण काकूच्या कानात ते 'सांगेन ना' तापल्या तेलासारखं गेलं.

"सांगशील? ऑफिसात साहेब खेळून दमले की मला टेबल मिळायचं. क्लबात कमिटी कुलूप काढायची ती मी ऑफिसात असताना. आता स्वतःच्या घरात पोराची मीटिंग संपली की मिळणार? दार लावून बसतोस तू. मी चहा द्यायला आले तरी दोन बोटं दाखवून थांब म्हणतोस, ट्रॅफिक पोलिसासारखा! नको मला तुझा पीसी. डबा हॉलमध्ये आहे आणि हॉल माझा आहे."

"हॉल सगळ्यांचा आहे, आई."

"असं? मग सगळ्यांनी झाडा."

त्या दिवसापासून काकू डब्याच्या नव्या चष्म्याची वाट बघायला लागली. आणि तिचं वाट बघणंही रागारागाने. फोनवर त्या चष्म्याचे व्हिडिओ लावायची आणि त्यातल्या मुलांवर खेकसायची. "हाय गाइज, वेलकम बॅक गाइज! वीस मिनिटं झाली, खोकं उघडतोय अजून. बॉल कसा उसळतो ते सांग ना, मेल्या!" तिला सगळं पाठ झालं: ह्याच्यात स्क्रीन केवढी, वजन किती, वायर एकच, हातातला कंट्रोलर थरथरतो कसा. मेथी निवडता निवडता मधुकरकाकांना सांगायची, "अहो, ह्यात चार कॅमेरे बाहेर आणि डोळ्यांवर लक्ष ठेवायला आतून वेगळे." मधुकरकाका म्हणायचे, "अरे वा." रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेला हा शांत माणूस. त्यांचं सगळं संसारातलं राजकारण 'अरे वा' आणि 'बघू' ह्या दोन शब्दांवर चालतं.

परदेशात तो चष्मा आला. व्हिडिओतल्या मुलांनी खोकी उघडली. मुलुंडला काही येईना. काकू सुबोधला न सांगता घाटकोपरला धवलभाईच्या दुकानात जाऊन उभी राहिली.

"बेन, डब्याचा येणार ना. हंड्रेड परसेंट येणार."

"कधी?"

"ते उपरवाला जाने."

"तुमच्या वर कोण आहे? डिस्ट्रिब्युटर?"

"बेन, तुमी टेन्शन नको घेऊ. हा पीसीवाला बगा, आज घ्या, आज खेला. डिस्काउंट पण करतो."

"मी विचारलं काय, तुम्ही दाखवताय काय? मी इडली मागितली तर वडा-सांबार देणार?"

"बेन, सांबार तर सेमच असतो ना!"

दुकानातलं गिऱ्हाईक हसलं. काकू हसली नाही. "धवलभाई, आपण माझा दूरध्वनी क्रमांक लिहून घ्यावा," ती म्हणाली. धवलभाईला काकूच्या पट्ट्या ठाऊक नव्हत्या, तरी त्याने निमूट पेन शोधलं.

इकडे सुबोध थांबला नाही. त्याने मधल्या काळात पीसीचा चष्मा आणला आणि खोलीत लावला. दाराआडून त्याच्या ओरडण्याचे आवाज यायचे. एकदा बाहेर येऊन म्हणाला, "आई, ये ना, आत्ता फ्री आहे, टेबल टेनिस लावून देतो." काकू गेली. चष्मा डोक्याला बांधून झाला, हातात कंट्रोलर आला, आणि पोराचा लॅपटॉप टुंग वाजला. "आई, सॉरी, पाच मिनिटं हां. क्लायंट आहे. जरा बाहेर थांब." काकू हॉलमध्ये येऊन बसली. पाच मिनिटांचा तास झाला. आतून आवाज येत होता, "शुअर, शुअर, आय विल सर्कल बॅक." काकूने सोफ्यावरूनच त्याची नक्कल केली, "शुअर, शुअर! आईकडे कधी येणार सर्कल मारून?" मधुकरकाका गॅलरीत निघून गेले.

त्यानंतर तिने त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. केर काढायचाही सोडला.

शेवटी धवलभाईचा फोन आला. काकू घाटकोपरहून खोकं मांडीवर घेऊन रिक्षाने आली, सगळा रस्ता ड्रायव्हरला "हळू, खड्डा" म्हणत. सुबोधला हात लावू दिला नाही. वायर तिने स्वतः जोडली. सोफा भिंतीला गेला, टीपॉय स्वयंपाकघरात गेला. आणि मग हॉलमध्ये, ट्यूबलाइटखाली, गाउनवर ओढणी बांधून नंदाकाकू पालव खेळायला लागली.

त्या आठवड्यात त्या घरात कुणी कुणावर ओरडलं नाही. दुसऱ्या मजल्यावरची ऋतिका एकदा वर आली, "काकू, काही पडतंय का वारंवार?" तर काकू चष्म्याच्या आतूनच म्हणाली, "सर्व्हिस आहे गं, सवय होईल." कोरियातल्या कुणाला तरी तिने सरळ गेममध्ये हरवलं. जेवताना तिने सुबोधला आपणहून मासे वाढले. आणि सुबोधही, खोटं कशाला बोला, दाराच्या फटीतून बघून म्हणाला, "आई, बॅकहँड खतरनाक आहे तुझा."

पण ऑक्टोबर चालू होता. घामाच्या धारा. चष्म्याच्या आतली मऊ पट्टी रोज भिजायची, रोज तशीच खोक्यात जायची. एका सकाळी काकूने चष्मा नाकाजवळ नेला आणि ओरडली, "शी! ओल्या मोज्यासारखा वास मारतोय! तीन माणसं आहेत घरात, कुणाला सुचत नाही. कुणीतरी याचं काहीतरी करा!" आणि पिशवी घेऊन भाजीला गेली.

आता त्या घरात एक खातं मधुकरकाकांचं आहे, ते म्हणजे ऊन दाखवणं. उशा, गाद्या, डाळी, चपला, पावसाळ्यानंतर कपाटातल्या साड्या, सगळ्याला ऊन दाखवून आणणारा माणूस तो. गॅलरीच्या ग्रिलमध्ये सकाळचं ऊन कुठे कधी येतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही. बायको एवढी ओरडली, आणि काम तर आपल्याच खात्यातलं! त्यांनी ग्रिलमध्ये स्वच्छ पंचा अंथरला. त्यावर चष्मा ठेवला. वास आतल्या बाजूला, म्हणजे ऊन आत जायला हवं, म्हणून भिंगं वर करून, सूर्याकडे तोंड करून ठेवला. कावळ्याने चोच मारू नये म्हणून स्वतः राखण करत बसले. वर मायेने मधे मधे सरकवलाही, ऊन सरकेल तसा.

भिंगं ती. लहानपणी आपण भिंगाने कागद जाळायचो तसं ते ऊन गोळा होऊन आतल्या स्क्रीनवर पडत राहिलं.

दुपारी काकूने चष्मा चढवला. टेबल दिसलं. टेबलाच्या मधोमध, जाळीच्या वर, एक पिवळट-जांभळी वळवळीत रेघ, अळी चालत गेल्यासारखी. दोन्ही डोळ्यांत. मान हलवली की अळी बरोबर. पलीकडून बॉल आला, अळीच्या मागे गेला आणि दिसेनासा झाला. बाहेर आला तेव्हा काकूच्या बॅटच्या मागे होता.

"सुबोध! अरे यात काय झालंय?"

सुबोधने घातला, काढला, भिंगात बघितलं, वास घेतला. छान, कडक उन्हाचा वास येत होता. "बाबा, तुम्ही हे कुठे ठेवलेलंत?"

"ऊन दाखवलं जरा," मधुकरकाका म्हणाले, अभिमानानेच.

सुबोधने खोक्यातलं पत्रक काढून समोर धरलं. त्यावर सूर्याचं चित्र आणि त्याच्यावर मोठी फुली.

"हे मी बघितलेलं," काका म्हणाले. "मला वाटलं, घालून उन्हात फिरू नका असं असेल." आणि मग बायकोच्या तोंडाकडे लक्ष गेलं तसे ते घाबरून थेट गावच्या बोलीवर आले. "माका काय म्हायत, गो? तूच सांगलंस ना, कायतरी करा म्हणान!"

धवलभाईला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बेन, ऊन दाखवला? लोणचा हाय काय ते?" वॉरंटीत ऊन बसत नव्हतं.

काकू नवऱ्यावर ओरडली नाही. ते बिचारे पंचा हातात घेऊन उभे होते, आणि ओरडली होती ती स्वतःच, सकाळी. ती नुसती सोफ्यावर बसली, तो मेलेला चष्मा मांडीवर घेऊन. एवढं थांबून, एवढं भांडून मिळवलेलं टेबल एका सकाळच्या उन्हाने नेलं होतं. आणि तेवढ्यात सुबोध म्हणाला. वाईट मनाने नाही. त्याला खरंच वाईट वाटत होतं.

"जाऊ दे, आई. मी म्हणतच होतो, पीसीच बरा. माझा आहे ना. मी फ्री असलो की तुला सांगेन."

आणि लॅपटॉप टुंग वाजला म्हणून तो आत गेला. दार लागलं.

काकू उठली. पदर नव्हता म्हणून ओढणी खोचली. तिने ते दार उघडलं, न वाजवता.

आत सुबोध लॅपटॉपसमोर ताठ बसलेला. वर कॉलरचा शर्ट, खाली बर्म्युडा. स्क्रीनवर सात-आठ चेहरे, मधे त्याची मॅनेजर रुचिरा काहीतरी आकडे समजावत होती. कॅमेरा चालू. सुबोधने आईकडे न बघता दोन बोटं दाखवली. थांब.

काकू थांबली नाही. ती टेबलाखाली वाकली आणि पीसीच्या मागची पहिली वायर उपटली. मखरातली लाइटिंग विझली. सुबोधची मान लॅपटॉपकडे, डोळे मात्र टेबलाखाली.

"सुबोध, यू आर विथ अस?" रुचिराने विचारलं.

"येस, येस. ॲब्सोल्यूटली." आणि दातांच्या फटीतून, ओठ न हलवता, "आई, काय करतेयस?"

"दिसतंय ना," काकू म्हणाली, अजिबात आवाज न दाबता.

"सॉरी, सुबोध?"

"नथिंग, नथिंग. अग्रीड. टोटली अग्रीड."

दुसरी वायर. तिसरी. काकूने तो पीसी दोन्ही हातांनी छातीशी धरून उचलला. जड होता. मधुकरकाका दारात धावले, "अगं, कंबर!" तशी ती म्हणाली, "कीबोर्ड घ्या. तो कॉम्प्युटरचा पडदा घ्या. आणि तो ह्याचा चष्मा. उन्हात ठेवलात तर बघा!" सुबोधच्या डोळ्यांदेखत, कॅमेऱ्याच्या बरोब्बर पाठीमागून, त्याचं अख्खं राज्य वरातीसारखं दाराबाहेर गेलं, आणि तो म्हणत राहिला, "शुअर. मेक्स सेन्स."

मीटिंग संपल्या संपल्या तो तीरासारखा बाहेर आला. पीसी टीव्हीशेजारी होता, मागे वायरींचा गुंता.

"आई, हे काय आहे? माझा पीसी आहे तो! माझ्या पैशाने, माझ्या हाताने बांधलाय. तू विचारलं पण नाहीस!"

"नाही विचारलं."

"हे चूक आहे."

"असेल. आयुष्यभर विचारत आलेय मी, बरोबर वागून. ऑफिसात विचारलं, क्लबात विचारलं. विचारलं की लोक 'हो' म्हणतात रे, 'नाही' कुणीच म्हणत नाही. फक्त नंतर बोलवतात. तुझा पीसी तुझाच आहे. तू रात्रभर खेळ, दोस्त आण, मी पोहे करते. पण तो इथे राहणार. मला हवं तेव्हा मी खेळणार आणि तुला हवं तेव्हा तू. दोघांना एकदम हवा असला तर भांडू. हॉलमध्ये भांडू, समोरासमोर. दाराआड बसून कुणी मला वेळ देणार नाही."

सुबोध मधुकरकाकांकडे वळला. "बाबा, तुम्ही तरी बोला."

"बघू" म्हणायला काकांचं तोंड उघडलं होतं. त्यांनी बायकोकडे बघितलं, मुलाकडे बघितलं, आणि वाकून सोफ्याचं एक टोक धरलं. "दुसरं टोक धर," ते मुलाला म्हणाले.

सोफा सरकला. सुबोध रागाने लालबुंद, पण वायरी दुसऱ्या कुणाला जमणार नव्हत्या आणि चुकीच्या भोकात घातलेल्या त्याला बघवणार नव्हत्या. त्याने एकेक वायर जोडली, प्रत्येक वायरीबरोबर पुटपुटत. लाइटिंग लागली. पडद्यावर पासवर्डची चौकट आली आणि त्याचा हात कीबोर्डवर गेला.

काकूने कीबोर्ड ओढून घेतला. "टाकू नको. सांग."

"आई, प्लीज. तो पर्सनल आहे."

"मग बदल. दोघांना चालेल असा ठेव. आणि आत्ताचा सांग."

मग त्याने छताकडे बघत एकेक अक्षर सांगितलं, आणि काकूने एका बोटाने, एकेक कळ शोधत, ते टाकलं. चष्मा चढवला. आत पहिल्यांदा तो विचारतो, खेळायला जागा किती, तुम्हीच जमिनीवर रेघ मारून दाखवा. काकूने हातातला कंट्रोलर खाली धरला आणि हॉलभर फिरत रेघ मारायला लागली. टीव्हीपासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून चपलांच्या स्टँडपर्यंत, अजून तापलेलीच, पाय आपटत.

"अहो, खुर्ची उचला, मधे येतेय," ती म्हणाली. "आणि सुबोध, तू मागे हो. अजून. फोरहँडला जागा लागते मला."